गुंजभर घट : एका हिऱ्यांच्या ब्रेसलेटचं प्रकरण

ताईनं स्वतःसाठी घेतलेला हा आयुष्यातला पहिला दागिना. लग्नातलं सोनं आईनं केलेलं, पाटल्या भाऊजींनी भिशीच्या पैशांतून केलेल्या, कुड्या सासूबाईंच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, हातात फंडाचे पैसे आले आणि तिनं ठरवलं, की एक हिऱ्यांचं ब्रेसलेट घ्यायचं आणि कुणाला विचारायचं नाही. मलाही नाही. मी सहकारी बँकेच्या हिशेबखात्यात हयात घालवलेला माणूस. मला विचारलं असतं तर मी मुदत ठेव सांगितली असती, हे तिला माहीत होतं.

29 ऑक्टोबर 2024, धनत्रयोदशी. पुण्यातल्या एका बड्या साखळीचं दालन. दारात रखवालदार, आत गेल्या गेल्या बदाम-दूध, बसायला मखमली खुर्च्या. पावती अशी होती : एकूण वजन 14.620 ग्रॅम. त्यात 40 हिरे, प्रत्येकी 5 सेंटचे, म्हणजे मिळून 2 कॅरेट. पाच कॅरेटचा एक ग्रॅम होतो, तेव्हा हिऱ्यांचे 0.400 ग्रॅम वजा जाता निव्वळ सोनं 14.220 ग्रॅम, 18 कॅरेटचं (हा कॅरेट वजनाचा नव्हे, शुद्धतेचा). सोनं 5,900 रुपये ग्रॅमनं 83,898. हिरे 75,000 रुपये कॅरेटनं दीड लाख. घडणावळ 16,353. त्यावर 3 टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे 45 रुपये अधिक कर. सगळं मिळून 2 लाख 58 हजारांच्या आतबाहेर. दोन लाखांच्या वरची खरेदी म्हणून पॅन घेतला, पैसे चेकनं दिले. हे आकडे मुद्दाम तपशिलात दिले आहेत. पुढचं सगळं प्रकरण त्यांतल्या एकाच आकड्यावर फिरलं, आणि तो आकडा रुपयांचा नव्हता.

सोबत एक गुळगुळीत कार्ड होतं : आयुष्यभर देखभाल मोफत, एक वर्षाचा विमा मोफत. विम्याची बारीक अक्षरं आम्ही नंतर भिंगानं वाचली. चोरी, आग, दरोडा, दंगल. हिरा आपोआप गळून पडला तर काय, याचा त्यात उल्लेख होता, पण वगळलेल्या गोष्टींच्या यादीत.

संक्रांत

14 जानेवारीला ताईकडे हळदीकुंकू होतं. वाण देताना एका बाईनंच विचारलं, ‘अगं, इथला एक खडा कुठंय?’ चाळीस घरांपैकी एक घर रिकामं. बरोबर अकरा आठवडे झाले होते. सगळं घर झाडून काढलं, तिळगुळाचे डबे उलटे केले. 5 सेंटचा हिरा जेमतेम अडीच मिलिमीटरचा असतो. तो सापडला नाही.

16 तारखेला ताई एकटीच दालनात गेली. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, ‘मॅडम, काही काळजी करू नका, गुडविल म्हणून फ्री करून देऊ, दहा दिवसांत.’ तिनं एक चिठ्ठी दिली : ‘ब्रेसलेट 1 नग, स्टोन बसवणे.’ चिठ्ठीवर वजनाचा रकाना छापलेला होता. तो कोरा होता. ताईनं सही केली आणि घरी आली. माझ्याकडे ही चिठ्ठी सहा आठवड्यांनी आली, तेव्हा मी आधी तो कोरा रकानाच पाहिला. बँकेत रकाना कोरा ठेवून कुणी सही केली तर आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घ्यायचो.

दहाचे तेवीस दिवस झाले. ‘वर्कशॉप मुंबईला आहे’, ‘वरून अप्रूव्हल आलं नाही’, ‘मॅचिंग स्टोन मिळत नाहीये’. 8 फेब्रुवारीला दागिना परत आला. दिला होता त्याहून चकचकीत. ताई इतकी खूश झाली, की तिनं त्या मुलीला तिळाच्या वड्यांचा डबा नेऊन दिला. त्या झळाळीची किंमत काय होती ते आम्हाला अजून कळायचं होतं.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमाला तिच्या जुन्या शाळेनं तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. घरी परतली तर दुसरा हिरा गायब. पहिला बसवला होता त्याच्या शेजारचा नव्हे, पार दुसऱ्या टोकाचा. आता मात्र तिनं मला फोन केला.

पेठेतला काटा

दालनात जाण्याआधी मी तिला आमच्या पेठेतल्या जुन्या सराफकाकांकडे नेलं. आईचं सगळं सोनं त्यांच्या वडिलांनी केलेलं. काकांनी आधी काही न बोलता ब्रेसलेट काट्यावर ठेवलं. 14.470. मग म्हणाले, ‘पावती दाखवा.’

एक हिरा पडला म्हणजे वजन 0.010 ग्रॅमनं कमी व्हायला हवं. 14.620 मधून 0.010 गेले की 14.610. काटा दाखवत होता 14.470. म्हणजे 0.140 ग्रॅम सोनं कुठंतरी गेलं होतं. जुन्या मापात गुंजेच्या वर. दागिना ताईच्या हातात मिळून साडेतीन महिनेसुद्धा नव्हता. मी विचारलं, वापरानं झिजेल का? काका म्हणाले, ‘हा काय विहिरीवरचा रहाट आहे? हे झिजलेलं नाही, उडवलेलं आहे.’

मग त्यांनी भिंगाखाली दाखवलं. अशा ब्रेसलेटमध्ये हिऱ्याला मागून आधार नसतो. सोन्याची चार बारीक नखं त्याला वरून पकडून असतात, त्यांना धंद्यात प्रॉंग म्हणतात. नख पुरेसं जाड असेल आणि हिऱ्याच्या कडेवर नीट वाकवलेलं असेल, तर हिरा पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलत नाही. इथं काही घरांची नखं मुळातच आखूड होती, काही नुसती टेकलेली होती, आणि सगळीच घासून चपटी झाली होती. दुरुस्तीच्या वेळी एक हिरा बसवून झाल्यावर कारागिरानं अख्खा दागिना बफच्या चाकावर धरला असणार. चमक यावी म्हणून. बफवर सोनं उडतं. कारखान्यातली ती धूळसुद्धा फुकट जात नाही, झारेकरी ती विकत घेऊन त्यातून सोनं काढतात. म्हणजे आधीच आखूड असलेली नखं दुरुस्तीत आणखी पातळ झाली होती. दागिना आजारी होता आणि औषधानं आजार वाढवला होता.

माझ्या मनात शुद्धतेची शंका होती, तीही तिथंच निघाली. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा वेगळा ओळख-क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला. सराफाची नोंदणी, हॉलमार्क करणारं केंद्र, दागिन्याचा प्रकार, 18 कॅरेट, 750 (म्हणजे हजारात 750 भाग शुद्ध सोनं), सगळं जुळलं. एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही, आणि शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. पण इथं ते कामाचं नव्हतं. हॉलमार्क सोन्याच्या कसाची हमी देतो. नख किती जाड आहे, हिरा घट्ट बसलाय का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘हॉलमार्क आहे ना, मग दागिना चांगलाच’ असं दालनातला माणूस पुढे तीन वेळा म्हणाला, तेव्हा हे माहीत असल्याचा उपयोग झाला.

‘डायमंड डेलिकेट असतो’

1 मार्चला आम्ही दोघं गेलो. या वेळी बदाम-दूध आलं नाही. मॅनेजरनं ब्रेसलेट दोन बोटांत धरून फिरवलं आणि ताईकडे न बघता मला म्हणाला, ‘सर, कसंय, या वयात हात कुठंतरी आपटतो, लक्षात राहत नाही. डायमंड डेलिकेट असतो.’

ताई म्हणाली, ‘हिरा कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर दहा असतो. त्याच्या वर काही नाही. डेलिकेट असतं ते त्याला धरणारं सोनं. आणि ते तुम्ही बनवलंय.’

मला वाटलं, जिंकलो. काहीच जिंकलो नव्हतो. मॅनेजरचं म्हणणं असं : पहिला हिरा गुडविलमध्ये झाला, दुसऱ्याचे 3,750 रुपये अधिक जडाईचा खर्च भरावा लागेल, कारण हे ‘हाताळणीतलं नुकसान’ आहे. वजनाचं विचारलं तर, ‘वापरानं झीज होते, आणि तुम्ही दिलं तेव्हा वजन किती होतं याची नोंद कुठंय?’ चिठ्ठीवर ताईची सही होती आणि रकाना कोरा होता. तो रकाना त्यांच्या माणसानं कोरा ठेवला होता, पण भोवला आम्हाला. बसवलेला नवा हिरा नैसर्गिकच आहे, प्रयोगशाळेतला नाही, हे लेखी द्या म्हटलं. मूळ प्रमाणपत्र चाळीसही हिऱ्यांचं एकत्र होतं, त्यातला एक आता वेगळा होता. यावर तो फक्त हसला.

शेवटी म्हणाला, ‘ठेवून जा, बघतो.’

सगळ्या प्रकरणात आम्ही एकच गोष्ट खरोखर शहाणपणाची केली असेल, तर ती इथं. ठेवून गेलो नाही. पण नुसता नकार दिला असता, तर पुढे ‘ग्राहक सहकार्य करत नाही’ असं त्यांनी लिहिलं असतं. म्हणून तिथंच बसून ताईच्या वळणदार अक्षरात एक अर्ज लिहिला : वस्तू तपासणीसाठी दाखवण्यास तयार आहोत, तपासणी आमच्यासमोर व्हावी, तपासणीआधी व नंतर वजन करून दोघांच्या सह्या व्हाव्यात, आमच्या लेखी संमतीशिवाय दुरुस्ती, पॉलिश किंवा नख वाकवणे यांपैकी काहीही करू नये. पोच मागितली. मॅनेजर म्हणाला, पोच द्यायची पद्धत नाही. मग तोच अर्ज त्याच टेबलावरून ईमेल केला. दालनाच्याच वायफायवरून.

तपासणीला दाखवणं आणि दुरुस्तीला देणं यांतला हा भेद कुणी आम्हाला आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. एकदा का त्यांनी दागिना पुन्हा घासला-वाकवला, की मूळ दोष पुसला जातो. मग उरतो फक्त तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द.

तिकीट बंद

मार्चबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 10 तारखेला ग्राहक सेवेला सविस्तर ईमेल, फोटोंसह. तिकीट क्रमांक आला. व्हॉट्सॲपवर यंत्र विचारायचं, ‘आपली समस्या सुटली का? होय / नाही.’ ‘नाही’ दाबलं की पुन्हा पहिलाच प्रश्न. 24 तारखेला तिकीट बंद, कारण : ‘दालनाने ग्राहकाशी चर्चा केली आहे.’ भाच्यानं चिडून गुगलवर एक तारा दिला. चाळीस मिनिटांत मॅनेजरचा फोन, ‘सर, घरी येऊन भेटतो.’ आला, चहा प्यायला, रिव्ह्यू काढा म्हणाला, ब्रेसलेटचा विषय काढला तर ‘वर बोलतो’. भाच्याला तो विजय वाटला. मला नाही.

25 मार्चला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, कंपनीकडे पाठवली, 9 एप्रिलला कंपनीचं उत्तर आलं : नुकसान ग्राहकाच्या हाताळणीमुळे, सशुल्क दुरुस्तीस तयार. ही हेल्पलाइन समेट घडवते, आदेश देऊ शकत नाही, म्हणून लोक तिला नावं ठेवतात. पण मला त्या उत्तराचा आनंद झाला. इतके दिवस सगळं तोंडी होतं. ‘वर’ बसलेल्या माणसांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून दिलं होतं, आणि त्यात ‘हाताळणी’ हा शब्द कुठल्याही तपासणीशिवाय वापरला होता.

मग एका नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडे गेलो. अडीच हजार रुपये फी, दोन पानी अहवाल, भिंगातून काढलेले फोटो. चाळीसपैकी अकरा घरांची नखं अपुरी, हिऱ्यांवर किंवा सोन्यावर आपटल्याची खूण नाही. हे शेवटचं वाक्य अडीच हजारांच्या कितीतरी पट मोलाचं होतं.

15 एप्रिलला रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची नोटीस. वकील लावला नाही. नोटिशीची मुदत संपली त्या दिवशी, 30 एप्रिलला, ताईच्या मोबाइलवर कंपनीचा संदेश आला. अक्षय्य तृतीयेच्या हार्दिक शुभेच्छा, घडणावळीवर विशेष सूट.

परतावा की बदली

9 मे रोजी कंपनीनं ‘सन्मान्य तोडगा’ पाठवला. जुनं ब्रेसलेट घेऊ, नवं तसंच देऊ, एक्स्चेंजच्या नियमानं. वाचायला बरं वाटलं. मी कागद-पेन्सिल घेतली.

त्यांच्याकडून जमा : उरलेलं निव्वळ सोनं 14.080 ग्रॅम, त्या दिवशीच्या 7,200 च्या भावानं 1,01,376. उरलेले 39 हिरे, पावतीच्या किमतीच्या 80 टक्क्यांनी 1,17,000. घडणावळ शून्य. एकूण 2,18,376.

आमच्याकडून येणे : नवं तेवढंच ब्रेसलेट, 14.220 ग्रॅम सोनं त्याच भावानं 1,02,384, हिरे 1,50,000, घडणावळ 16,353, आणि पुन्हा 3 टक्के जीएसटी. एकूण 2,76,799.

फरक 58,423 रुपये. दोष त्यांच्या कारखान्यात, हिरे आमचे पडलेले, सोनं त्यांच्या बफवर उडालेलं, आणि वर 58 हजार आम्ही भरायचे.

भाऊजी वैतागून म्हणाले, ‘पावतीचे पैसे परत मागा आणि सोडा.’ इथं माझं आणि त्यांचं वाजलं. ऑक्टोबरात 5,900 ला घेतलेलं सोनं मे महिन्यात 7,200 ला होतं. पावतीचे पैसे पूर्ण परत मिळाले, तरी त्यांत तेवढं सोनं येणार नव्हतं. 14.220 ग्रॅमवर ग्रॅममागे 1,300, म्हणजे साडेअठरा हजारांचा खड्डा. टीव्ही किंवा फ्रिज खराब निघाला तर पैसे परत मागणं ठीक, कारण तोच फ्रिज पुढच्या वर्षी स्वस्तही मिळतो. चढत्या भावात सोन्याचा परतावा घेणं म्हणजे भाववाढ दुकानदाराला बहाल करणं. मागायची ती बदली : तेवढ्याच वजनाची, तशाच हिऱ्यांची, निर्दोष वस्तू, जादा पैसे न देता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोग दोष काढायला, माल बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो. तक्रारदारानं काय मागितलं यावर बरंच अवलंबून असतं. भाव उतरता असता तर मीच भाऊजींच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

2 जूनला ई-जागृती पोर्टलवर ताईच्या नावानं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली किंमत 5 लाखांच्या आत, म्हणून शुल्क नाही. कंपनीच्या पावतीवर ‘न्यायक्षेत्र’ म्हणून परगावचं नाव छापलेलं होतं, पण तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हेही छापलेलं होतं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुख्य मागणी बदलीची. ती शक्य नसेल तर किंमत, व्याज आणि सोन्याच्या भावातला फरक. मनस्तापाचे 50 हजार लिहिले. ताई म्हणाली, इतका मनस्ताप मला झाला नाही. मी म्हटलं, मला झालाय.

फाइलला अठरा पानं होती. पहिल्या पानावर मी एकच तक्ता ठेवला : तारीख, वजन, कोणाच्या काट्यावर. 14.620, 14.470. मध्ये कोरा रकाना.

पितृपक्ष

आयोगाची नोटीस मिळाल्यापासून कंपनीला लेखी उत्तरासाठी तीस दिवस असतात, फार तर पंधरा वाढवून मिळतात. सव्विसाव्या दिवशी कंपनीच्या वकिलांचा फोन आला. माणूस सभ्य होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, ‘मूल्यांकनकाराच्या अहवालानंतर वस्तूला कोणी हात लावलाय का?’ नाही म्हटलं. ‘मग बसून बोलू.’

बोलण्यात तीन आठवडे गेले. आधी परतावा, मग परतावा अधिक 10 हजार, मग क्रेडिट नोट. सोनं 8,200 च्या आसपास पोचलं होतं, त्यामुळे त्यांची परताव्याची घाई मला समजत होती. शेवटी ठरलं ते असं : तेवढ्याच निव्वळ सोन्याचं आणि 2 कॅरेट हिऱ्यांचं नवं ब्रेसलेट, प्रत्येक हिरा नखांऐवजी सोन्याच्या बंद कोंदणात, नवं प्रमाणपत्र, खर्चापोटी 15 हजार रुपये, आणि मग आयोगात तडजोडीची पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, देऊन तक्रार मागे. दोष कबूल करणारं एक वाक्य ताईला हवं होतं. ते मिळालं नाही. माझ्या मते त्यासाठी अडून राहण्यात अर्थ नव्हता, तिच्या मते होता. तो वाद अजून मिटलेला नाही.

दागिना घ्यायला 16 सप्टेंबर 2025 ला बोलावलं. पितृपक्ष चालू होता, दालनात चिटपाखरू नव्हतं. वहिनी म्हणाली, ताई, नवरात्रात घ्या, सहाच दिवस राहिलेत. ताई म्हणाली, वर्षभर वाट पाहिली, पितर काही रागावणार नाहीत.

मॅनेजरनं डबी उघडून पुढे केली. ताईनं हात पुढे केला नाही. ‘आधी काट्यावर.’ 14.870. हिऱ्यांचे 0.400 गेले, सोनं 14.470. ठरल्यापेक्षा पाव ग्रॅम जास्त, बंद कोंदणाला सोनं अधिक लागतं. मॅनेजर उदारपणे म्हणाला, ‘राहू द्या मॅडम, आमच्याकडून.’

‘गुडविल नको,’ ताई म्हणाली. ‘बिल करा.’

पाव ग्रॅमचे 2,050 रुपये, त्यावर 3 टक्के. तिनं 2,111 रुपये 50 पैसे यूपीआयनं दिले आणि पावती हातात येईपर्यंत जागची हलली नाही. पावतीवर वजनाचा रकाना होता. तो तिनं स्वतः बोट ठेवून भरून घेतला.